परत आलेलं तोरण

४ नोव्हेंबर

आले एकदाची नवसारीला, आणि कायमची. टेम्पोवाल्याने पुस्तकांची खोकी, शिलाई मशीन आणि शाळेने निरोपाला दिलेलं घड्याळ ओट्यावर मांडलं. घड्याळ वाटेतच बंद पडलं होतं. गुलमासी खुर्ची टाकून वाटच बघत होती. मला पाहून म्हणाली, बडोद्याला नन्सच्या शाळेत, त्यांच्या सावलीत राहून तू त्यांच्यासारखीच चालायला लागलीस, पाय न वाजवता. चोर आला की तेहमी आली, ते मला कसं कळायचं? मग माझं डोकं तिने पोटाशी धरलं. तोच वास, लोबान आणि गुलाबपाणी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि तेव्हापासून बडोद्याला जाईपर्यंत याच वासात झोपायचे.

कमरेच्या हाडाने दगा दिल्यापासून मासीचं जग खोलीपासून ओट्यापर्यंत. सुरतेचे भाऊबंद तिला वृद्धाश्रमात ठेवायला निघाले होते. मी सगळ्यांना कळवून टाकलं की मासी कुठेही जाणार नाही. ती तिच्या खोलीत, तिच्या पलंगावर, खिडकीतल्या डाळिंबाच्या झाडासमोर राहील. तिला जपायचं, माझ्या उरलेल्या आयुष्याचं हेच काम.

चौथीत सिस्टर बर्नादेत यांनी रोजनिशीची सवय लावली. नीट अक्षरात लिहायचं, आणि वाक्य अर्धं सोडून उठायचं नाही, मग घंटा होऊ दे नाहीतर छप्पर पडू दे. अजून पाळते.

९ नोव्हेंबर

दुपारी गल्लीतल्या बायका आमच्याकडे मोत्यांची तोरणं विणायला बसतात. काचेचे बारीक मोती, पांढरी जमीन, त्यावर लाल कोंबडे, निळे मासे. कोंबडा राखण करतो म्हणून तो हवाच. काळा मोती घरात आणायचादेखील नाही. शेजारची कूमी सगळ्यांत झपाट्याने विणते आणि त्याहून झपाट्याने बोलते. माझं काम बघून तिने शेरा मारला की टाके सुरेख आहेत, पण प्रत्येक टाका आधी परवानगी मागून घातल्यासारखा दिसतो.

एक गोष्ट मी विसरले होते, ती मासीने आठवण करून दिली. तोरण पुरं करायचं नाही. उजवीकडची शेवटची सर मोकळी ठेवायची, दोरा लोंबता. तोरण बाहेरून टांगायचं, आणि ज्याचं दार त्याने, स्वतः उंबऱ्याच्या आत राहून, ती गाठ मारायची. त्याआधी घरच्या सगळ्यांना हाका मारून आत घ्यायचं, कुत्र्यालासुद्धा. गाठ बसली की आतलं आत, बाहेरचं बाहेर. लहानपणी कूमीच्या घरी गाठ मारताना तिचे बापूजी पानाच्या गादीवर राहून गेले होते. ते आल्यावर दोरा कापून गाठ पुन्हा मारली, तोवर बिचारे ओट्यावर पान चघळत उभे. आठवून आम्ही इतक्या हसलो की कूमीच्या मांडीवरची मोत्यांची वाटी उलटली.

२१ नोव्हेंबर

इंटरनेटवर दुकान उघडलं. हल्ली दारावर तोरण मागायला येतं कोण? पोरं टोरांटोला, आणि त्यांच्या दारांना काचा. पहिलं तोरण गेलं आणि आठवड्यात परत आलं. गिऱ्हाईकाने कारण दिलं होतं: माल अपूर्ण, दोरा लोंबतो. मी साइटवाल्यांना गाठीची सगळी रीत सांगणारं सुंदर पत्र लिहिलं, तीन परिच्छेदांचं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, गिऱ्हाईकाचं बरोबर आहे. अशी आणखी भांडणं हरले तर दुकान बंद करतील.

हरणं मला जमत नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून तयार असलेल्या सगळ्या तोरणांच्या शेवटच्या गाठी मीच मारून टाकल्या. नन्सच्या हाताखाली शिकलेली गाठ, दाताने ओढली तरी सुटायची नाही.

मासीला कळलं तेव्हा तिचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. कोणाच्या दारात मारल्या, असं तिने विचारलं. मी म्हटलं, टेबलावर.

“मग त्या दारांवर जो अडेल, तो तुझा पत्ता विचारत येईल,” ती म्हणाली.

मी म्हटलं, येऊ दे, फुदिन्याचा चहा पाजीन. ती हसली नाही.

१० डिसेंबर

दुकान चांगलं चाललंय. पाठवणी करताना व्हिडिओ काढावा लागतो, एका दमात, मध्ये न थांबवता: तोरण, खोकं, खोक्याच्या सगळ्या बाजू. परत आलेलं उघडतानाही तसंच. भांडणात तोच पुरावा. कूमी म्हणते, माझं लग्नही कोणी इतक्या बाजूंनी बघितलं नव्हतं.

आज तेजपूरच्या मिसेस बरुआंनी पाच कोंबड्यांचं तोरण परत घ्या म्हणून अर्ज केलाय. कारण: वस्तू चित्राप्रमाणे नाही. खाली लिहिलंय की यात एक जास्तीचा आहे. सोबत फोटो. मी भिंग लावून पाहिला. तिसऱ्या आणि चौथ्या कोंबड्याच्या मध्ये, पांढऱ्या जमिनीत, तांदळाच्या दाण्याएवढा काळा ठिपका. मोत्यांचाच.

आमच्या घरात काळा मोती नाही. मी ठणकावून कळवलं की हे बाईंनी घरी विणून घातलंय, आमचा व्हिडिओ बघा.

१४ डिसेंबर

मिसेस बरुआंनी दुसरा फोटो पाठवला. आता तो ठिपका नाही. माणूस आहे. लांबून चालत येणारा माणूस दिसतो तसा, हातपाय आहेत, चेहरा नाही. आणि कोंबडे चार.

कूमीने फोटो बघून बाईंच्या सवडीचं कौतुक केलं. म्हणाली, एवढं उसवून पुन्हा विणायचं म्हणजे चार दिवसांचं काम, या बाईला कामावर ठेवून घे. पण नंतर तिने फोटो पुन्हा मागून घेतला आणि भिंग लावून वीण पाहिली. जाताना एवढंच सांगितलं की ही वीण उसवलेली नाही. जाळी सलग आहे.

मी साइटला पुन्हा लिहिलं. चार परिच्छेद.

१७ डिसेंबर

भांडण हरले. माल परत घ्यावा लागेल.

मिसेस बरुआंचा निरोपही आला. फार सभ्य बाई. त्यांनी लिहिलंय की त्यांना पैसे परत नकोत, तोरण तेवढं न्या. त्यांच्या दाराशी महिनाभर कोणीतरी उभं राहत होतं, म्हणून तर त्यांनी तोरण घेतलं. ते टांगलं आणि दारातला गेला. गेला तो तोरणात. “आमच्या घरी लहान नात आहे. गाठ तुमच्या हातची आहे, म्हणून तो तुम्हालाच विचारतो.”

गाठीचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

मी उत्तर दिलं की नातीला माझे आशीर्वाद, पण माझ्याही घरी एक म्हातारी आहे, आणि मी हे परत घेणार नाही.

२० डिसेंबर

नटुभाई पार्सल घेऊन आला. हा कुरिअरवाला पन्नाशीचा, रोज ओट्यावर बसून पाणी पितो आणि सुनेच्या तक्रारी सांगतो. आज बसला नाही. म्हणाला, बेन, हे खोकं सायकलवर एका बाजूला ओढतं. मी सही केली नाही. नाकारलं असं लिहून परत न्यायला लावलं. तो म्हणाला, नाकारलेला माल फिरून फिरून धन्याच्याच दारी येतो, बेन, मी बावीस वर्षं बघतोय. मी म्हटलं, फिरू दे, त्याचे पाय दुखतील, माझे नाही.

संध्याकाळी थंडी छान पडली. मासीसाठी दूध गच्चीवर दवात ठेवलंय, सकाळी फेस काढून दूधना पफ करीन, ते ग्लासभर फेसाचं दूध. लहानपणी ती माझ्या वरच्या ओठावरचा फेस बोटाने पुसून स्वतः चाटायची.

२१ डिसेंबर

पार्सल सकाळी ओट्यावर होतं. नटुभाई शपथेवर सांगतो की त्याने ते काल डेपोत जमा केलं.

मी ते उचलून गल्लीच्या तोंडाशी ठेवून आले. परत येईपर्यंत—

नाही. वाक्य पुरं करायचं. परत येईपर्यंत ते ओट्यावर होतं, उंबऱ्याला टेकून.

मासीच्या दुधाच्या ग्लासात, फेसाखाली, एक काळा मोती निघाला. तो कोमट होता.

२२ डिसेंबर

भर दुपारी, कूमीला समोर बसवून, मोबाईल स्टँडवर लावून, पार्सल उघडलं. साइटचा नियम आहे, आणि मला भीती वाटत नाही हे त्याला दाखवायचं होतं. सगळ्या बाजू दाखवल्या. चिकटपट्टी कापली. तोरण टेबलावर पसरलं.

कोंबडे दोन. मासे नाहीत. मधला माणूस वीतभर उंच. डोकं एका बाजूला कललेलं, ऐकत असल्यासारखं. माझी गाठ कोपऱ्यात तशीच, घट्ट.

नंतर व्हिडिओ पाहिला. त्यात तोरण पसरल्यावर पांढरी जमीन कोरी दिसते. आणि माझ्या खुर्चीमागे, दाराच्या चौकटीत, कोणीतरी उभं आहे. डोकं कललेलं. कूमी म्हणते की तिथे कोणी नव्हतं, ती पूर्ण वेळ दाराकडेच बघत बसली होती.

२४ डिसेंबर

तोरण जाळलं. ते जळलं नाही.

दोरा कापायला गेले. मासीने पलंगावरून ओरडून थांबवलं. आत्ता गाठ सोडलीस तर तो घरभर मोकळा होईल, म्हणाली. माझ्या लहानपणी ती मला विहिरीपासून ओढायची, त्या आवाजात.

२५ डिसेंबर

शाळेत आज घंटा, केक, पोरींची गाणी. इथे मासीच्या मुठीत काळे मोती. उशीखाली, केसांत. तिचे पाय गार पडलेत. मी रॉकेलच्या शेगडीवर विटा तापवून पायाशी ठेवते, तरी गारच. डॉक्टर म्हणाले, वय. वय माझंही आहे.

मी खोलीत गेले की मासी जास्त गारठते, ओट्यावर गेले की तिच्या गालांवर रंग येतो. दोनदा करून बघितलं. तो माझ्यामागे येतो. जिथे मी, तिथे तो. मी आत गेले की त्याला आत नेते.

म्हणून आजपासून मी मासीच्या खोलीत पाय ठेवणार नाही. दारातून बोलते. ती विचारते, तेहमी, रागावलीस का गं?

२७ डिसेंबर

कूमी राहायला आली. मासीला भरवते, पुसते. मी दारातून बघते. कूमी म्हणाली, मासी तुझी, हाल माझे, हा कुठला न्याय? आणि रडली. तिला रडताना मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं.

तोरणात कोंबडा एक.

आज मासी मला दारातूनच म्हणाली की मला तिकडे पाठवून दे, त्या वृद्धाश्रमात, म्हणजे तू मोकळी होशील. मी म्हटलं, तू कुठेही जाणार नाहीस. ते म्हणताना मी मासीकडे बघत नव्हते. माझ्या पाठीमागे बघत होते.

२८ डिसेंबर

सापडलं. इतकं सोपं. तोरणाला त्याचं दार द्यायचं, आणि त्याची गाठ दारवाल्याने मारायची. मासीची खोली. मासीचं दार. माझी गाठ कापायची आणि त्याच क्षणी मासीने तिची मारायची, आतून. बोटं वाकडी आहेत, पण साठ वर्षं मोती ओवलेली आहेत.

कूमीला सांगितलं. ती म्हणाली, आणि तू?

मी म्हटलं, तोरण बाहेरून टांगावं लागतं. कोणीतरी बाहेर हवंच. आणि मी आत असले, तर तोही आत.

ती म्हणाली, तेहमी, बापूजी पान चघळत उभे राहिले होते, त्यांच्यासोबत कोणी नव्हतं.

२९ डिसेंबर

दुपार. ऊन छान. वही स्टुलावर.

कूमीला आत पाठवलं. पलंगाशेजारी खुर्ची, खुर्चीत मासी. गल्लीतलं कुत्रंही आत घेतलं. मासीला सांगितलं की तोरण टांगून, गाठ बसण्याआधी, मी आत येते. याआधी मी तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. नन्सशी बोलले.

टांगलं. मोबाईल लावला, एका दमात, सगळ्या बाजू.

कोंबडा नाही. माणूस नाही. जमीन पांढरी. म्हणजे तो—

आहे. मागे. मोत्यांचा आवाज, हळू, वाटीत हात फिरवल्यासारखा.

माझी गाठ कापली. दोऱ्याचं टोक आत दिलं. मासी चाचपडते. कूमी तिला म्हणते, मासी, घाई नको, तू विणलंस तसंच, हळू.

मानेवर गार. वळणार नाही. ऐक, तू जो कोणी आहेस. मी तुला परत घेतलेलं नाही. सही केलेली नाही. हे दार तुझं नाही.

गाठ बसली. दिसली मला. वाकडी, मोठी, मासीची.

आतून मासीचा आवाज, खणखणीत, पूर्वीसारखा:

“तेहमी, आलीस ना गं आत?”

मी हो म्हटलं.

तिच्या गालांवर रंग आहे. कूमी तोंडात पदर कोंबून उभी. मोत्यांच्या जाळीतून दिसतंय. आत यायला वाट नाही आता, मलाही नाही, त्यालाही—

आता वळते. नीट उभी राहून, पाय वाजवत. सिस्टर, माफ करा, हे वाक्य मी