माझ्यावाचून अडलेला कोरम

३ मार्च, सकाळ
पाणी आणि ड्रेनेज मंडळावर नागरिक सदस्य म्हणून नेमणूक झाली. अखेर! चौथीत गुरुजी म्हणायचे, हा कविता म्हणायला उभा राहिला की वर्ग गप्प होतो. (झोपत असेल, असं चिरंजीव म्हणतात. ते त्या वर्गात नव्हते.)
पहिलं काम, आमच्या गल्लीची ड्रेनेज लाइन. आमचं घर उताराला, अगदी शेवटी. वरच्यांच्या अंघोळी झाल्या की त्यांचं पाणी आमच्या मोरीतून वर येतं. सूनबाई म्हणाली, "बाबा, जूनपर्यंत लाइन बदलली नाही तर आम्ही दुसरीकडे घर बघू." मी म्हटलं, महिन्याभरात बदलतो. त्यात काय! 'आम्ही' म्हणजे कोणकोण, हे विचारायचं राहिलं.
संकल्प: रोज तासभर मंडळाची नियमावली वाचणे.

४ मार्च
नियमावलीत यमक नाही. दुसऱ्या पानावर डोळा लागला.

१४ मार्च
पहिली सभा. न्यायला गाडी आली! दोनदा हॉर्न वाजवायला लावला, गल्लीला कळावं म्हणून.
खुर्च्या पाच. एक रिकामी. एक सदस्य लेकीकडे परदेशी. उरलो तिघं: दातांच्या डॉक्टर असलेल्या अध्यक्षबाई, बेकरीवाले आणि मी. ठरावाला खोलीत किमान तीन सदस्य लागतात, त्याला कोरम म्हणतात. रिकाम्या खुर्चीसाठी माणूस शोधायचं काम बाईंनी विश्वासाने माझ्यावर सोपवलं. माणूस रसिक हवा. घाई करून चालणार नाही.
शेवटी शाळेतली झऱ्याची कविता म्हटली. बेकरीवाल्यांनी डोळे मिटले. तल्लीन.

११ एप्रिल
आमच्या लाइनचा विषय निघाला. घसा साफ करून उभा राहिलो, तोच सेक्रेटरी म्हणाले, "आजोबा, तुमचं घर त्याच गल्लीत. नियमाप्रमाणे या विषयाला तुम्ही बाहेर बसायचं." (हे तिसऱ्या पानावर आहे म्हणे.) व्हरांड्यात बाकावर बसलो. लगेच दार उघडलं. बाई म्हणाल्या, "या आत. तुम्ही गेलात की आम्ही दोघंच उरतो, कोरमच मोडतो. हा विषय आता पुढच्या महिन्यात."
म्हणजे मी उठलो की मंडळ थांबतं! एवढं वजन आपलं असेल असं वाटलं नव्हतं. घरी सांगितलं. सूनबाईने कपाळाला हात लावला. कौतुकाने असावा.

२ मे
रिकाम्या खुर्चीसाठी वरच्या रस्त्यावरच्या सायकलवाल्यांचं नाव सूनबाईने सुचवलं. जाऊन विचारलं, एखादी कविता पाठ आहे? म्हणाले, "होती एक. पंक्चर झाली." नापास. याआधी औषधवाले आणि निवृत्त नर्सबाईही नापास. रसिकता दुर्मिळ झाली आहे.

९ मे
पुन्हा तेच. बाहेर, आत, पुढच्या महिन्यात. बेकरीवाले म्हणाले, "अहो आजोबा, कुणालाही आणा हो. खुर्चीत बसता आलं म्हणजे झालं." किती खालची अपेक्षा!

२३ मे, दुपार
मोरी तुंबली. घाण पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. सूनबाई बादलीने उपसत होती. मी दारातून धीर देत होतो. तेवढ्यात ओळी सुचल्या:
नळा, तुझ्या ओठी आभाळाचे गाणे,
गटारा, तुझ्या पोटी जगाचे राहणे.
लगेच म्हणून दाखवल्या. तिने बादली खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं.
संध्याकाळी खोके आणून सामान भरायला लागली. नातीने विचारलं, "यातला आजोबांचा खोका कुठला?" चिरंजीव पंखा पुसत बसले.

२४ मे, पहाट
अध्यक्षबाईंना सायकलवाल्यांचं नाव कळवलं. कुणाच्या दबावाखाली नव्हे. त्यांच्यात सुप्त रसिकता असू शकते.

१३ जून
सायकलवाले सभेला आले. आमचा विषय निघाला, मी बाहेर. आत तरीही तिघं. बाकावर भाषणाची उजळणी करत होतो. पहिलं कडवं संपायच्या आत आतून बाक वाजले. लाइन मंजूर! आता बोलावतील म्हणून थांबलो. आत पंपाचा विषय झाला, टाकीचा झाला, चहाही झाला. सगळे बाहेर पडताना बाई म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही अजून इथंच?" माझी समाधी मोडायची नव्हती त्यांना.
घरी सूनबाईने खोके रिकामे केले. म्हणाली, "केलंत हो बाबा, शेवटी." शेवटी कसलं? पहिल्यापासून करतच होतो.

११ जुलै
सभा. इस्त्रीचा शर्ट. खिशात नवी कविता, सात कडव्यांची. पायरीवर बसून राहिलो. मग लक्षात आलं, लाइनसाठी गल्ली खणली आहे, गाडी आत येणार कुठून? चर ओलांडून कोपऱ्यापर्यंत गेलो. गाडी आली. मागच्या सीटवर सायकलवाले. मी हात केला. त्यांनीही हसून केला. गाडी गेली.
घरी आलो. मोरी कोरडी ठणठणीत. तिथंच उभं राहून कविता म्हटली, सातही कडवी. आवाज छान घुमतो.