भारीतलं इंजेक्शन

४ मार्च
सगळं बदललं ते आज दुपारी. अप्पांना न्यूमोनिया झाला, काल आयसीयूत ठेवलं, ते वेगळं. आज हॉस्पिटलच्या औषधांच्या काउंटरवरची ती मुलगी म्हणाली, "पुढचे."
पुढचा मी होतो.

५ मार्च
अप्पांच्या घशात नळी. जंतू कुठला ते कळेपर्यंत डॉक्टरांनी भारीतलं अँटिबायोटिक लावलंय. एका दिवसाच्या डोसांत माझी कॉलेजची एक टर्म निघाली असती. कॉलेज अर्ध्यात सोडलं ते बरंच झालं.
इंजेक्शनं आणायला मीच जातो. एकदम सगळी आणत नाही — एकेक आणतो. आत्या म्हणाली, "पोरगं बापासाठी किती पळतंय बघा." मी पुढचं एक आणायला निघालो.

७ मार्च
कफाचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. "साध्या इंजेक्शननं मरणारा जंतू आहे. भारीतलं आजपासून बंद."
डोकंच फिरलं. "म्हणजे अप्पांवर पाणी सोडलंत? पैसे आहेत आमच्याकडे!"
"पैशांचा प्रश्नच नाही. भारीतलं उगाच चालवत राहिलो तर उद्या जंतू त्यालाही दाद देणार नाहीत."
"लेखी द्या."
त्यांनी दिलं. शांतपणे. मी दार आपटून बाहेर.
साध्या इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन काउंटरवर गेलो. तिला सगळं ऐकवलं. "तुमचा डॉक्टर एक तर कंजूष आहे, नाहीतर कुठून तरी खातोय." तिनं इंजेक्शनं पिशवीत घातली, पिशवी माझ्याकडे सरकवली. म्हणाली, "पुढचे."
माझ्या मागे कुणीच नव्हतं.

८ मार्च
ताप तसाच. अप्पांना काही झालं तर त्या डॉक्टरला सोडत नाही, असं आत्याला सांगितलं. म्हणाली, "आधी जेवून घे."

१० मार्च
ताप उतरला.

११ मार्च
अप्पांची नळी काढली. खरखरत्या आवाजात पहिलंच वाक्य — "तू अजून इथंच?"
रडलो नाही. रडायचाच बाकी होतो.

१२ मार्च
डॉक्टरांची माफी मागायला केबिनमध्ये गेलो. ती तिथं बसलेली. त्यांच्याच डब्यातून जेवत होती.
"बाबा, हेच ते," ती म्हणाली. "भारीतलंच हवं म्हणून भांडून आपल्याच औषधांच्या दुकानाचा धंदा वाढवायला निघालेले."
डॉक्टरांनी घास गिळला. "हं, लेखीवाले. बसा."
"येतो," म्हणालो. बाहेर आलो. दार अगदी हळू लावलं.