जाहिराती चालू असताना

प्रिय मार्लिस,

बहिणीकडे गुडघ्याला आराम पडतोय ना? इथे बर्फ सुरू झालाय. काल डेल्बर्ट येऊन गेला. शनिवारी सामन्याला चल म्हणाला. मी नाही म्हणालो.

तुझा गुडघा धड होता तेव्हा आपण आपल्या डेनचा फुटबॉलचा प्रत्येक सामना डेल्बर्टशेजारी बसून बघायचो. खेळ रंगात आला रे आला की टीव्हीवाल्यांचा तो लाल टोपीवाला खेळ थांबवायला मैदानात येऊन उभा! घरी बसलेल्यांच्या जाहिराती संपेपर्यंत आपण मात्र थंडीत काकडत बसायचं. डेल्बर्ट बोंबलायचा, "ए टोपीवाल्या, खपला का तुझा साबण? पोरं गोठली इकडे!" तू त्याच्यापुढे कॉफी धरायचीस, "घे बाबा, नरडं शेक जरा." किती हसायचो आपण.

शेवटच्या सामन्याला तू घरी होतीस. चेंडू घेऊन पळणाऱ्या डेनला पाडायला चौघे-पाचजण त्याच्या अंगावर कोसळले. खाली कोण अडकलंय ते दिसायच्या आतच तुझ्याकडे टीव्हीवर जाहिराती लागल्या. तेव्हापासून तू एकच बोलतेस, "माझं पोर तिथे पडलं होतं आणि मी बिअरच्या जाहिरातीतल्या कुत्र्याला हसत होते." दवाखान्यात तो शुद्धीवर आलाच नाही. मधल्या वेळात काय झालं ते तू मला कितीदा विचारलंस, आणि दरवेळी मी फावडं घेऊन अंगणातला बर्फ काढायला गेलो.

म्हणून लिहितोय. मी कठडा ओलांडून धावलो, कुणी अडवलं नाही. सगळं स्टेडियम चिडीचूप, डेल्बर्टसुद्धा. समोरच्या संघातला एक दांडगा पोरगा डेनपाशी गुडघे टेकून रडत होता. डेन शुद्धीवर होता, पण हात हलत नव्हते. मी त्याच्या गालाला हात लावला. आपलं कसं होईल, हे त्याने विचारलंच नाही. म्हणाला, "बाबा, आई बघतेय का?" मी म्हणालो, "नाही रे राजा, जाहिराती चालू आहेत." त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. तू स्वतःला दोष देतेस ते मला आता बघवत नाही, मार्लिस. "बरं झालं," म्हणाला गं तो, आणि मग त्याने डोळे मिटले.

तू येशील त्या दिवसाची वाट बघणारा,
तुझाच लायल