बाळाच्या खोलीबाहेरचा अंगारा

मंगळवार, संध्याकाळ

सटाण्याच्या वन्सं आल्या त्या अंगारा घेऊन थेट नातवाच्या खोलीकडे. मी दारातच अडवलं. "वहिनी, देवाला नाही म्हणता?" किती वेळा सांगायचं? रोगाशी लढणाऱ्या पेशी घडताना आपल्या आतला जनुकांचा धागा मुद्दाम तोडतात, मग निराळा सांधतात. त्यातूनच तऱ्हेतऱ्हेचे जंतू ओळखता येतात. आमच्या बाळाचं तोडणं होतं, सांधणंच होत नाही. दुसऱ्या कुणाच्या हाडातली मज्जा मिळेपर्यंत साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतेल.

"देव सांधेल की!"

सांधेल हो, पण तोवर हात धुवायला देवाची मनाई आहे का?

शेवटी वन्संनी अंगारा माझ्याच कपाळी लावला. बाळ रडलं, तशी साबणाने खसखसून धुतला आणि आत गेले. पाप लागलंच तर मला लागो.