विझत चाललेल्या ठिपक्यांचे घड्याळ

मी, खाली सही करणारा, धंद्याने घड्याळजी, वय पन्नाशीला टेकलेले, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. कागदपत्रे आवरून ठेवा, असेही तेच म्हणतात. माझी बुद्धी शाबूत आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. अक्षर गावच्या शाळेतल्या गुरुजींचे देणे आहे, आयुष्य परमेश्वराचे. दोन्ही जमेल तितके नीट वापरले.

कलम १. राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नीला. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. "जगाची बंद घड्याळं चालू केलीत, एक चालू नळ बंद करता आला नाही," हे तिचे वाक्यही तिला साभार परत.

कलम २. माझी भिंगे, चिमटे व हत्यारे पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळजीला. त्याने माझी गिऱ्हाइके पळवली, मी त्याची. पण चिमटा मागून नेला की तो पुसून परत करायचा.

कलम ३. धाकट्या भावाला काहीही देऊ नये. मागाहून कोणी तर्क लढवू नयेत म्हणून कारण लिहितो.

माझ्या उस्तादांनी काम सोडताना स्वतःचे किमती घड्याळ माझ्या मनगटावर बांधले. त्याच्या काट्यांवर आणि ठिपक्यांवर जुन्या जातीचा रंग होता. तो कुणाकडून उजेड उसना घेत नसे; अंधारात आपला आपण उजळे, आणि वर्षागणिक मंद होत जाई. असा रंग आमच्यात कोणी उकरत नाही. शौकीन लोक त्या पिवळ्या पडलेल्या ठिपक्यांवर जीव टाकतात. नवा रंग भरला की घड्याळ बाटले म्हणतात.

आमची मुलगी, तिला आम्ही मुंगी म्हणत असू, आजारी होती तेव्हा उजेडाने तिचे डोके ठणके. खिडक्यांना जाड पडदे लावले होते. अंधाराला मात्र ती भिई. म्हणून दुपारभर मी तिच्याजवळ पडून राही, मनगट तिच्या उशीवर. "दिसतंय का गं?" असे विचारले की ती म्हणे, "दिसतंय, बाबा." शेवटच्या दुपारीही तेच म्हणाली.

ती गेली आणि लवकरच मी छाती धरून पडलो. दवाखान्याने माझ्या अंगावरच्या वस्तू भावाकडे दिल्या. मी घरी आलो तेव्हा त्याने घड्याळ पुढे केले. "बघ दादा, कसं लख्ख दिसतंय." जुना रंग खरवडून त्याने नवा भरला होता. माझ्या लेकीने शेवटचा पाहिलेला उजेड त्याने केरात झाडला होता. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. तोही घड्याळजीच; दुकान एक, टेबले शेजारी. तेलाची बाटली हवी असली तरी आम्ही गिऱ्हाइकाकरवी मागतो.

कलम ४. सदर घड्याळ माझ्या देहासोबत जावे.

इथवर लिहून झाले होते. सहीला बसलो तेव्हा वकीलबाईंनी सांगितले, साक्षीदार असा हवा की ज्याला यातले काही मिळत नाही. पत्नी म्हणाली, "मग आपल्यात असा एकच माणूस आहे," आणि माझ्या धाकट्या भावाला घेऊन आली. साक्षीदाराने वाचायची गरज नसते. त्याने उभ्याने सगळे वाचले.

"दादा, तिला दिसत नव्हतं."

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"तिनंच सांगितलं मला. म्हणाली, काका, बाबांचं घड्याळ विझलंय. त्यांना सांगू नकोस, ते रोज विचारतात. तू रंग लाव, म्हणजे मला खरंखरं दिसतंय म्हणता येईल."

रंग बाहेरून मागवला होता. तो येईतो ती गेली. पोरीला शब्द दिला होता, म्हणून मागाहून लावला, म्हणाला. तेव्हाच का नाही सांगितलेस, असे मी विचारले.

"कसं सांगू? तुझ्याजवळ तेवढंच उरलं होतं."

मला ते ठिपके दिसत होते, हे शपथेवर लिहितो. तबकडीवर जन्म काढलेल्या डोळ्यांना कदाचित नसलेलेही दिसत असेल. माझे लेकरू अंधारात होते आणि मी शेजारीच होतो, हे मी देवाजवळ बोललो आहे. उत्तर आलेले नाही. तक्रार नाही.

सबब कलम ३ व ४ रद्द. घड्याळ धाकट्या भावाला द्यावे. त्याने ते पेटीत ठेवू नये, वापरावे; हा नवा रंग उजेड दाखवल्याशिवाय उजळत नाही.

स्थळ : राहते घर
दिनांक : शस्त्रक्रियेआधीचा रविवार

सही : मृत्युपत्र करणार, घड्याळजी

साक्षीदार :
१. तळमजल्यावरचे शिंपी (सही)
२. मुंगीच्या वर्गाच्या बाई (सही)

वकीलबाईंचा शेरा : धाकटा भाऊ समक्ष हजर होता. तो आता वारस असल्याने त्याची सही घेतलेली नाही.