विहिरीवरून परत येणारी धून

२ जानेवारी
झेवियर अंकलचा फोन. मरोळ गावठाणातल्या लग्नांत आयुष्यभर बँड वाजवला, आता स्वतःची रचना स्टेजवर आणतायत. व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सगळी गावठाणातलीच मंडळी. निवेदन माझं. "पोस्टरवर 'सिंफनिक' लिही हां. दुसरं काय नको." लिहिते म्हटलं. शब्दांच्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही.

४ जाने.
हॉल कमिटीचा नितीन : "ताई, 'ऑर्केस्ट्रा' टाका ना. हॉल फुल होईल." होईल, आणि दुसऱ्या मिनिटाला सिनेमातल्या गाण्यांच्या फर्माइशी. अंकलची वाट लागेल. ठाम नाही म्हटलं.
कोशात 'सिंफनिक' म्हणजे 'वाद्यवृंदासाठीचे'. म्हणजे वाजवणार कोण ते कळलं. वाजणार काय?

५ जाने.
अंकलनाच विचारलं. "चिक्कार वाद्यं वाजली म्हणजे झालं काय गं? धून घराबाहेर पडली पाहिजे. वाटेत प्रत्येकाने तिला काहीतरी द्यायचं. मग ती घरी येणार, मोठी होऊन."
जसंच्या तसं निवेदनात घेतलं. झकास. पोस्टर छापायला गेलं.

८ जाने.
तालीम. धून उंबराच्या पाण्याची. लग्नाआधी बायका बँड लावून विहिरीवर पाणी आणायला जातात, ती. सुरू होते न होते तोच समोर ऐकायला बसलेल्या बायका उठून नाचायला लागल्या. अंकल ओरडले, "बसा! लग्न नाय इथे!" कोण बसतंय. जन्माची सवय. नितीन माझ्याकडे बघून नुसत्या ओठांनी म्हणाला, "ऑर्केस्ट्रा." मेला.

१० जाने.
उद्या कार्यक्रम. शेवटची तालीम. आता क्लॅरिनेट एकटंच सुरू करतं, अगदी हळू. कुणी उठलं नाही. नितीनने मोबाईल खिशात ठेवला. शेवटी ट्रम्पेट, टाळ्या.
फक्त अंकलच्या मिसेस, रेजिना आंटी, तशाच बसून. "विहिरीवर नेलंस आम्हाला. पाणी भरलं. आणि तिथंच सोडलंस? घरी कोण आणणार?"
खरंच की. धून परत आलीच नव्हती. माझ्या निवेदनात मात्र येते.
नितीन : "ताई, उद्या ते 'सिंफनिक' गाळा." नाही गाळणार. माझा विश्वास आहे त्या माणसावर.
मी निघाले तेव्हा अंकल पायरीवर नोटेशनचा कागद आणि पेन्सिल घेऊन बसलेले, आंटी शेजारी धून गुणगुणत. वाजवणाऱ्यांपैकी एकानेही वाद्य पेटीत ठेवलं नव्हतं.
निवेदनाला हात लावलेला नाही.