तुझे दिवस व्हायच्या आधीच गायले

प्रिय आई,

तुझे दिवस अजून व्हायचेत आणि मी काल स्टेजवर उभी राहून गायले. दादा तिकडे नाशिकला तुझ्या फोटोसमोर हे तावातावाने बोलणारच आहे. त्याच्याकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक, म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसले आहे.

तो अमेरिकन ऑपेरा आठवतो ना? "यांच्यात कुणी सरळ बोलतच नाही का गं?" असं तू ज्याबद्दल विचारायचीस, तो. नदीकाठची काळ्या कष्टकऱ्यांची वस्ती, पूर, आणि त्यात बुडालेला एक तरुण नावाडी. जॅझ आहे, ब्लूज आहे, आणि त्यांच्या पूर्वजांनी गुलामीत आळवलेली देवाची गाणीही आहेत. मुख्य गायक अमेरिकेहून आलेले. वस्तीतली माणसं म्हणजे आम्ही, इथली हौशी मंडळी. मी कोरसमध्ये मागच्या रांगेत. शिवाय नावाड्याच्या बायकोचं गाणं मला बसवून ठेवायला सांगितलं होतं. गायिकेला ऐनवेळी काही झालं तर कुणीतरी तयार हवं, म्हणून.

तू त्या गाण्याला पहिल्याच दिवशी हरकत घेतलीस. शब्द कळले नाहीत, पण सूर बरोबर कळला.

"कोण मेलंय?"

"माझा नवरा. म्हणजे गाण्यातला, आई!"

"मग हे घरात नको."

तुझ्या हृदयाचं दुखणं आपल्याला दोघींनाही माहीत होतं. तू त्यावर बोलायची नाहीस आणि मला विचारायचा धीर नव्हता. मी मुकाट्याने जिन्यात जाऊन रियाज करायला लागले. आमच्या टॅम्पिनीसच्या ब्लॉकमध्ये सगळे लिफ्टने जातात, जिना कायम रिकामा. परत यावं तर तू सोफ्यावर, नजर टीव्हीत. एकदा तरी विचारायचंस गं, कसं झालं म्हणून!

आणि मग त्या सकाळी गॅसवर चहा ठेवलास, ओट्याला टेकून खाली बसलीस आणि उठलीच नाहीस.

मी रडले नाही. मंडाईच्या स्मशानात तुझ्यावर पांढरी चादर होती. तिथल्या माणसाने मला "यू ओके?" विचारलं, तर मी त्याला पार्किंग कुठे आहे ते विचारलं. दादा विमानाने आला, अस्थी नाशिकला घेऊन गेला. तेराव्याला मी तिकडे पोचायचं ठरलं. मी आपली दाखले आणि तिकिटं यांच्यातच होते.

परवा हेलनचा, आमचा वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरबाईंचा, फोन आला. नावाड्याच्या बायकोचं काम करणाऱ्या गायिकेला ताप होता, आवाज पूर्ण बसला होता. "मृणाल, तुला हे विचारणं क्रूरपणाचं आहे, कळतंय मला. पण दुसरं कुणी नाही," त्या म्हणाल्या.

मी दादाला फोन केला. का केला? परवानगी हवी होती बहुतेक.

"आईचे दिवस चालू आहेत आणि तू नाटकात गाणार?"

"ऑपेरा, दादा."

"तेच ते. आणि लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवसांचं सुतक, हे मला ऐकवू नकोस." मग म्हणाला, "तेच गाणं ना? मरणाचं? ती जायच्या आधी रोज तिच्या कानावर तेच घालत होतीस ना तू?"

त्याने फोन ठेवला तरी माझा फोन कानालाच होता. मला बघून तुझा जावई एवढंच म्हणाला, "तू ठरव. जाणार असलीस तर मी येतो बरोबर."

मी का गेले, तेही नीट सांगता येत नाही. दादाचा राग आला होता. त्याचं म्हणणं खरं असेल अशी भीतीही होती. अशा माणसाने घरी बसावं की गावं?

पडदा उघडला. वस्तीतले लोक गोलाकार उभे, मधे फळीवर नावाडी. आमच्या कोरसमधला सेल्वमच झोपला होता तिथे, पण त्याच्यावर पांढरी चादर होती. तालमीत चादर नसायची! मी त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसले. ट्रम्पेटने माझी सुरावट दिली. मी तोंड उघडलं आणि आवाजच नाही.

हेलनचा हात हवेत थांबला. ट्रम्पेटवाल्याने तीच सुरावट पुन्हा वाजवली. पुन्हा नाही. समोर एवढं प्रेक्षागृह, कुणी खोकतसुद्धा नव्हतं. माझ्या डोक्यात दादाचं ते एकच वाक्य.

तेवढ्यात चादरीखालून आवाज आला. मेलेला सेल्वम माझी ओळ गात होता! हळू, खर्जात. मागून बायकांनी ती उचलली, मग पुरुषांनी. तशी ती गाणी असतातच, एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं. काल उत्तर आधी आलं. त्यांच्या त्या आवाजात माझा आवाज कधी मिसळला, मला कळलं नाही. वरचा सूर फाटला. मी तो तसाच धरला आणि रडत रडत शेवटपर्यंत गायले. लोकांना तो अभिनय वाटला. वाटू दे.

घरी आले तर कॉरिडॉरमध्ये शेजारच्या रोहानाआंटी झाडांना पाणी घालत होत्या. कुठून आलीस विचारलं, मी सांगितलं. त्या इथल्या 'लाह' जोडलेल्या इंग्रजीत म्हणाल्या, "तेच का, जिन्यातलं? युअर मदर आल्सो लाइक, लाह. तू जिन्यात गेलीस की ती बाहेर येऊन इथे माझ्या बाकावर बसायची. मी विचारलं, सॅड साँग आह? तर म्हणाली, गुड. लाऊड. तू थांबलीस की पळत आत!"

काय गं हे, आई? घरात नको म्हणायचं आणि बाहेर येऊन चोरून ऐकायचं? मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी तिथेच त्या बाकावर बसून हसले की रडले, आंटींनाच विचार.

दादा अजून फोन उचलत नाहीये. तेराव्याला समोरासमोर भेटेलच. त्याच्याशी भांडणार नाही, पण माझ्या गाण्याने तू गेलीस असं त्याला पुन्हा म्हणू देणार नाही, हा माझा शब्द. आणि आज संध्याकाळी दुसरा प्रयोग आहे. त्या गायिकेचा ताप उतरलाय, आवाजही सुटलाय, मी परत मागच्या रांगेत. ती नवऱ्यापाशी बसून पहिली ओळ म्हणेल, तेव्हा तिला उत्तर देणाऱ्यांत मी असेन. लाऊड!

तुझी,
मनू